बासनांतील पोथी आणि विद्यापीठाचें दार

एखादी कला समाजांत किती खोल रुजली होती हें जाणावयाचें असेल, तर त्या समाजाच्या बोलण्याकडे कान द्यावा. ठरलेलें काम कोणीं बिघडविलें म्हणजे त्यानें त्यावर हरताळ फासला, असें आपण म्हणतों. एखादी योजना मागें पडली म्हणजे ती बासनांत गुंडाळली गेली, असें म्हणतों. हे दोन्ही वाक्प्रचार ग्रंथलेखनाच्या कलेंतून आलेले आहेत. हरताळ हें पिवळ्या रंगाचें खनिज होय. पोथी लिहितांना अक्षर चुकलें तर लेखक त्यावर हरताळाचा लेप देई, आणि लेप वाळला कीं त्याच जागीं शुद्ध अक्षर लिही. बासन म्हणजे पोथी गुंडाळण्याचें वस्त्र. अर्थात् पहिलें साधन चूक सुधारण्याचें, व दुसरें ग्रंथ जतन करण्याचें. कला विसरली गेली आणि शब्द तेवढे उरले. मग चूक सुधारण्याचें साधन नाशाचें नांव झालें आणि जतनाचें वस्त्र विस्मरणाचें! शब्दांचें हें उलटें फिरणें आम्हांस मोठें बोलकें वाटतें, व म्हणूनच आजचा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

विषय असा : विद्यापीठाचें ग्रंथालय हें केवळ परीक्षार्थींचें वाचनगृह असावें, कीं ग्रंथ घडविण्याची, लिहिण्याची, बांधण्याची व राखण्याची विद्या तेथें सर्व लोकांस उघड दिसावी? इतर देशांत या प्रश्नाचा निकाल लागल्यासारखा आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलीअन ग्रंथालयानें आपल्या अमोल हस्तलिखितांच्या शेजारीं हातानें चालणारीं मुद्रणयंत्रें ठेविलीं आहेत, आणि तेथें शिकाऊ मंडळींस आपल्या हातानें खिळे जुळवून छापतां येतें. पण हा विचार परक्यांकडून उसना घेण्याचें आपणांस कारण नाहीं. तिवसें आणि त्याच्या आसपासचा हा अमरावतीचा मुलूख ग्रंथकलेच्या इतिहासांत कोठें बसतो हें ध्यानांत घेतलें, म्हणजे आमचें म्हणणें पटेल.

ऋद्धिपूरचा वारसा

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या सडकेवर तिवसें लागतें. अलीकडे मोझरीस १९३५ सालीं राष्ट्रसंत तुकडोजीमहाराजांनीं स्थापिलेला गुरुकुंज आश्रम आहे; पूर्वेस वर्धेच्या कांठीं रुक्मिणीचें माहेर म्हणून पूज्य मानलेलें कौंडण्यपूर; आणि वायव्येस मोर्शी तालुक्यांत ऋद्धिपूर, म्हणजे आजचें रिद्धपूर. यांपैकीं पहिल्या दोहोंस जाणारे लोक पुष्कळ; तिसऱ्याची वाट महानुभाव पंथाचे अनुयायी व थोडे अभ्यासक सोडले तर फारसे कोणी धरीत नाहींत. पण मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ जो लीळाचरित्र, तो या ऋद्धिपुरांत सुमारें शके १२०० मध्यें, म्हणजे इसवी सन १२७८ च्या सुमारास आकारास आला. तो सिद्ध करणारे म्हाइंभट हे न्यायशास्त्र पढलेले ब्राह्मण पंडित होते. संस्कृतांत ग्रंथ लिहून कीर्ति मिळविणें त्यांस अवघड नव्हतें. परंतु गुरु श्रीचक्रधरांच्या आठवणी ज्यांनीं ज्यांनीं पाहिल्या-ऐकिल्या होत्या, त्या सर्वांकडे फिरून, एकेकास विचारून, नागदेवाचार्यांकडून खरेंखोटें पारखून घेऊन त्यांनीं त्या साध्या मराठींत नोंदविल्या. आज ज्यास आपण संशोधनाची पद्धति म्हणतों, तीच ही.

याच नागदेवाचार्यांस त्यांच्या एका विद्वान् शिष्यानें संस्कृतांत उत्तर देण्याची इच्छा दाखविली, तेव्हां त्यांनीं त्यास अडविलें. कारण संस्कृतामुळें पंथांतील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकल्या असत्या. आमच्या वाचकभगिनींनीं हें लक्षांत ठेवावें. मराठी ग्रंथभाषा झाली ती आजीबाईंस समजावें म्हणून झाली. आणि ज्यांचें नांव आद्य मराठी कवयित्री म्हणून घेतलें जातें, त्या महदंबेचे धवळे याच ऋद्धिपुरांत श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगानिमित्त रचले गेले.

पुढें चौदाव्या शतकाच्या आरंभीं खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहींशी झाली. पंथाची परंपरा सांगते कीं, त्यानंतर ज्यांस ज्यांस त्या लीळा तोंडपाठ होत्या त्यांच्याकडून त्या पुन्हां लिहून घेतल्या गेल्या, व त्यांत हिराइसा नांवाच्या एका स्त्रीचें पाठांतर फार उपयोगीं पडलें. तिच्या नांवाचा पाठ अभ्यासकांस आजहि परिचित आहे. ग्रंथ जळला वा हरवला तरी तो परत आला, तो माणसांच्या आठवणींतून. एकट्या तिजोरीनें ग्रंथ राखला जात नाहीं, त्याभोंवतीं जाणता समाज असावा लागतो, हा धडा विसरतां कामा नये.

याच सुमारास महानुभावांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिण्याची प्रथा पाडली. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा कित्येक लिप्या त्यांनीं रचिल्या. सकळ लिपींत एका अक्षराच्या जागीं दुसरें ठरलेलें अक्षर येतें. किल्ली ठाऊक नसेल तर तें मराठी वाचणाऱ्यासहि निरर्थक वाटावें. याचें कारण ग्रंथांचें रक्षण, कीं त्यांविषयींचा पूज्यभाव, यावर विद्वानांत मतभेद आहेत. परिणाम मात्र उघड आहे. कित्येक शतकें हें वाङ्मय पंथाबाहेर कोणास ठाऊक नव्हतें. पंथाबरोबर तें पंजाबांत व तेथून पेशावर-काबूलपर्यंत गेलें, पण शेजारच्या गांवीं कळलें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनीं या लिपीची किल्ली जगापुढें मांडली. मग यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे, नागपूरचे हरि नारायण नेने व विष्णु भिकाजी कोलते यांनीं या वाङ्मयाच्या अभ्यासांत आयुष्याचीं वर्षें घातलीं. कोलते यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. ग्रंथ लिहिला गेल्यापासून ही प्रत वाचकांच्या हातीं पडेपर्यंत सातशें वर्षें लोटलीं!

पोथी कशी सिद्ध होत असे

आतां ही कला होती तरी कशी, तें थोडक्यांत सांगतों. कारण आमच्या घरांतील तरुण मंडळींस पोथी ठाऊक असते, पण तिच्या मागचे हात ठाऊक नसतात.

कागद हा आरंभीं चिंध्यांचा. जीर्ण सुती कापड, ताग, जुनीं दोरखंडें भिजत घालून, कुटून त्यांचा लगदा करीत; तो पाण्यांत कालवून चाळणीवर उचलीत, दाबीत, वाळवीत. दौलताबादेजवळचें कागजीपुरा हें गांव या धंद्याच्या नांवानेंच प्रसिद्धीस आलें. वाळलेल्या कागदावर खळ चढवून तो गुळगुळीत दगडानें घोटीत, म्हणजे शाई फुटत नसे. ज्या वऱ्हाडाचा कापूस जगाच्या बाजारांत जातो, तेथील मनुष्यास हें कळलें पाहिजे कीं, कापसाचें वस्त्र झिजलें तरी त्याचें जीवित संपत नाहीं. त्यावर अक्षर उमटूं शकतें. आणि हा चिंध्यांचा कागद टिकाऊहि मोठा. तीनशें वर्षांची पोथी अद्याप नरम व लवचीक असते, उलट दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईंत छापलेलें पुस्तक हातांत घेतांच त्याच्या कडा कुरकुरून गळतात. कारण लांकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदांत आम्लाचा अंश राहतो, व तो कागदास आंतून खातो.

शाई काजळाची. दिव्याचें काजळ बाभळीच्या डिंकांत दीर्घकाळ खलावें लागे. जितका खल अधिक, तितकी शाई काळीभोर. प्रकरणाचा शेवट, ओवीचा आंकडा किंवा दंड हिंगुळाच्या तांबड्या शाईनें लिहीत. लेखणी बोरूची, तिचें टोंक तिरपें कापलें म्हणजे बाळबोध अक्षरास जाडी व बारकी आपोआप येते. ओळी सरळ याव्यात म्हणून पाटीवर समान अंतरानें दोरे ताणीत. तिच्यावर कागद ठेवून बोटानें दाबला कीं ओळींचे वळ उमटत. पोथीचीं पानें सुटीं, आडवीं, दोहों बाजूंस समास सोडलेलीं. वर-खालीं लांकडी फळ्या, भोंवतीं बासन आणि त्यावर दोरी. शेवटीं पुष्पिका : कोणीं, कोणासाठीं, कोठें, कोणत्या शकांत लिहिलें. पुष्कळ लेखक तेथें वाचकास विनवीत कीं, तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून हा ग्रंथ रक्षावा. पाठ, कंबर व मान मोडून तो लिहिलेला आहे. एवढी कळकळ आजच्या प्रकाशकाच्या सूचनांत सांपडत नाहीं!

मुद्रणकलेचीहि कथा अशीच उद्योगाची आहे. १८०५ च्या सुमारास मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापण्यांत आली. त्याच वर्षीं बंगालमध्यें श्रीरामपुरास मिशनरी कॅरे यानें वैजनाथ पंडितांच्या साह्यानें मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें, आणि जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरानें खिळ्यांना असें सौष्ठव दिलें कीं काशीच्या पंडितांसहि त्याची प्रत हवीशी वाटावी. इंग्रजीस लहानमोठीं मिळून बावन्न अक्षरें पुरतात. बाळबोधास काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरें धरून शेंकडों निरनिराळे खिळे लागत. जुळाऱ्याच्या पुढें केवढी मोठी केस मांडलेली असे, आणि त्याचा हात न पाहतां योग्य खणांत कसा जात असे, हें ज्यांनीं पाहिलें त्यांस ती एक प्रकारची वादनकलाच वाटली असेल. हे खिळे आतां बहुतेक ठिकाणीं मोडींत गेले.

दार कोणीं उघडावें

विद्यापीठांची उणीव आज आपणांस नाहीं. १९८३ सालीं अमरावतीस विद्यापीठ स्थापन झालें, व त्यास पुढें श्रीसंत गाडगेबाबांचें नांव देण्यांत आलें. शाळेची पायरी न चढलेल्या पुरुषानें हातांत झाडू घेऊन गांवोगांव लोकांस मुलें शिकविण्याचा उपदेश केला, आणि त्याच्या नांवानें विद्यापीठ उभें राहिलें, यांत मोठा अर्थ आहे. २०२३ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें मराठी भाषेच्या विद्यापीठाचा कायदा केला व त्याचें स्थान म्हणून रिद्धपूरच निवडलें. पुढच्याच वर्षीं, ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं, केंद्रीय मंत्रिमंडळानें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. ज्या गांवीं मराठी गद्य जन्मलें तेथें मराठीचें विद्यापीठ यावें, ही गोष्ट आनंदाची खरीच. परंतु इमारती व पदव्या एवढ्यानें ऋण फिटत नाहीं. ज्या विद्यापीठाच्या अंगणांत शेतकरी, शाळेचीं मुलें, सुना व सासवा निःसंकोच पाऊल टाकीत नाहींत, तें विद्यापीठ आजीबाईंस समजावें म्हणून लिहिलेल्या ग्रंथाचा वारसा कसा सांगणार?

आमची सूचना अशी. विद्यापीठाच्या ग्रंथालयानें वर्षांतून एकदां तरी ग्रंथकलेचा लोकोत्सव भरवावा. त्यांत भाषणें कमी आणि हातांचें काम अधिक असावें. एका ओसरीवर चिंध्यांचा लगदा होऊन कागद उचलला जात आहे; दुसरीवर मुलें काजळ खलून शाई करीत आहेत व बोरू कापून स्वतःचें नांव लिहीत आहेत; कोठें शिळाछापाचा दगड, कोठें जुन्या खिळ्यांची केस; कोठें मोडी वाचून दाखविणारा जाणकार, कारण विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली आणि घरचीं खरेदीखतेंहि आतां आपणांस परकीं झालीं आहेत. सकळ लिपीचा तक्ता भिंतीवर लावला, तर पोरांना तें कोडेंच वाटेल. आणि कोडें सोडवितां सोडवितां तीं सातशें वर्षें मागें जाऊन येतील. सायंकाळीं दिव्याच्या उजेडांत जुनें गद्य मोठ्यानें वाचावें. कारण तें ऐकविण्यासाठींच लिहिलेलें आहे.

असल्या उत्सवास आपल्याकडे आधार नाहीं असें कोण म्हणेल? साहित्यसंमेलनाच्या आरंभीं ग्रंथदिंडी निघते व पालखींत ग्रंथ बसतात. दसऱ्यास घरोघर पाटीवर एकाच्या आंकड्यांची सरस्वती काढून तिच्यापुढें पुस्तकें मांडतात. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेंतून बॉर्डन नांवाचा ग्रंथपाल बोलावून पुस्तकांच्या पेट्या खेड्यांपाड्यांतून फिरविल्या. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देवांनीं गांवोगांवचे मठ पालथे घालून समर्थ संप्रदायाच्या पोथ्या गोळा केल्या, आणि त्यांस वाग्देवतेचें मंदिरच बांधलें. लोकांनीं यावें म्हणून ग्रंथ चालत गेला, व ग्रंथ यावा म्हणून माणूस चालत गेला. हे दोन्ही मार्ग आपलेच आहेत.

दोन आक्षेप आम्हांस ऐकूं येतात. पहिला असा कीं, पोथी ही पूजेची वस्तु. तिचें प्रदर्शन कशास? याचें उत्तर आदरानें द्यावयास हवें. ज्या मठाची पोथी, त्या मठाच्या महंतांची अनुज्ञा हवीच. आणि त्यांनीं शतकानुशतकें ती राखली म्हणूनच आज आपणांस पाहावयास मिळते, हें विसरूं नये. पूज्य वस्तु मांडण्याची रीत देवळांस ठाऊक आहे तशी ग्रंथालयांसहि शिकतां येईल. मूळ पोथी कांचेआड राहावी, हातीं घेण्यास तिचें छायाचित्र द्यावें, आणि कागद-शाईचे प्रयोग नव्या कागदावर व्हावेत. दुसरा आक्षेप असा कीं, आतां सर्व कांहीं यंत्राच्या पडद्यावर वाचतां येतें. मग काजळ खलण्याचा खटाटोप कशाला? पडद्यावर मजकूर दिसतो ही गोष्ट उपकाराचीच आहे. परंतु कागद कोणता, हरताळ कोठें लागला, समासांत दुसऱ्या हाताचें अक्षर कोणाचें, हें ओळखण्यास डोळा लागतो. आणि तो डोळा हातानें काम केल्यावांचून तयार होत नाहीं. पुढच्या पिढींत पोथ्यांचे जाणते संपादक निपजावयाचे असतील, तर त्यांतला एखादा मुलगा वा मुलगी आज बोरू कापतांना दिसली पाहिजे.

आपल्या घरांचें कर्तव्य

विद्यापीठाकडे बोट दाखवितांना स्वतःच्या माळ्याकडेहि पाहावें लागतें. एकत्र कुटुंबांत पोथ्या राहिल्या, कारण देवघर एक होतें व त्यापुढें बसणारे पुष्कळ होते. वांटणी झाली म्हणजे भांडीं मोजलीं जातात, शेताच्या सीमा मोजल्या जातात. पोथ्यांचें गाठोडें मात्र कोणाच्याच वांट्यास येत नाहीं. मग तें माळ्यावर वाळवीच्या, नाहीं तर रद्दीवाल्याच्या स्वाधीन होतें. कित्येक भाविक घरांत जीर्ण पोथी नदींत सोडण्याची चाल आहे. हेतु निर्मळ असतो, पूज्य वस्तु पायदळीं येऊं नये एवढाच. पण नदीस अर्पण केलेलें पान परत मिळत नाहीं, आणि तें पान कदाचित् कोठेंच नसलेल्या ग्रंथाचें असूं शकतें. केंद्र सरकारनें २००३ सालीं राष्ट्रीय पांडुलिपि मिशन सुरू केलें तें घरोघरच्या अशाच ठेव्यांच्या नोंदीसाठीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेंत सुमारें २८,००० हस्तलिखितें आज सुरक्षित आहेत. त्यांतलीं पुष्कळशीं कोणाच्या ना कोणाच्या घरांतून किंवा मठांतूनच बाहेर आलेलीं असणार.

म्हणून प्रत्येक कुटुंबानें एवढें तरी करावें. कोरड्या दिवशीं पोथ्या बाहेर काढून सावलींत वारा द्यावा; उन्हांत पसरूं नये. धूळ मऊ कुंच्यानें झाडावी. धुतलेल्या सुती वस्त्रांत घट्ट, पण पान दुमडणार नाहीं अशा बेतानें बांधावें, आणि जवळ वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये. तिचा गोंद कालांतरानें कागद खातो. पान उलटतांना बोटास थुंकी लावूं नये. तें अशिष्ट आहेच, शिवाय हरताळांत सोमल असल्यामुळें घातुकहि आहे. प्रत्येक पोथीचें पहिलें व शेवटचें पान यांचें छायाचित्र घ्यावें; लेखक, शक, स्थळ यांची यादी एका वहींत करावी; आणि घरांतील वडील मंडळींस ती कोठून आली हें आजच विचारून ठेवावें. पोथी कोणास द्यावी कीं घरींच ठेवावी, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. पण ती आहे एवढें तरी विद्वानांस कळूं द्यावें.

या कामीं घरच्या स्त्रियांवर आमचा विशेष भरंवसा आहे. देवघराची झाडलोट, बासनें धुणें, चातुर्मासांत पोथी सोडून वाचणें, हें सर्व त्यांच्याच हातून होत आलें. कोणत्या गाठोड्यांत काय आहे हें बहुधा त्यांसच ठाऊक असतें. हिराइसेनें ग्रंथ जिभेवर राखला, या घराघरांतील बायांनीं तो वस्त्रांत राखला.

येत्या दसऱ्यास पाटीवरच्या सरस्वतीपुढें शाळेच्या पुस्तकांबरोबर घरची जुनी पोथीहि मांडावी. तिचें बासन सोडावें, चार ओळी मुलांकडून लावून घ्याव्यात, आणि ती कोणीं, कोठें, कधीं लिहिली तें त्यांस वाचावयास सांगावें. विद्यापीठाचें दार उघडण्याची वाट पाहण्यापूर्वीं एवढें आपल्या हातचें आहे. घरोघरचीं मुलें पोथीचीं पानें उलटूं लागलीं, म्हणजे विद्यापीठासहि आपलें दार फार काळ लावून बसतां येणार नाहीं.